तारांचा उंबरा

आमच्या घरात वेलदोडे कुटायला एक जाड, गुळगुळीत लोखंडी कांडी होती. ती गिटारच्या खोक्यातून आली होती. कशासाठी आली होती ते ना ह्यांना ठाऊक, ना मला. जड होती, मुठीत छान बसायची, म्हणून मी ती उचलून स्वयंपाकघरात नेली. ह्यांनी एकदा विचारलं, "ती कांडी कुठं गेली?" मी म्हटलं, "शिऱ्याच्या कामाला लागली." तिथं विषय संपला. ती कांडी काय सांगत होती ते आम्हाला तेव्हाच कळलं असतं, तर माझ्या नशिबाचे ते महिने टळले असते.

हे साठीच्या दशकातलं पनवेल. आम्ही बंदराच्या बाजूला राहायचो. खाडीचा वारा असा, की दाराची कडी चार महिन्यांत गंजायची आणि मीठ कायम ओलं. हे भाताच्या गिरणीत वायरमन होते. माझे थोरले दीर, म्हणजे भाऊजी, पेटी वाजवायचे आणि गाणंबजावणं करणारी एक मंडळी चालवायचे. भाऊजींची पेटी, ह्यांचा बेंजो, दोन ढोलकीवाले आणि गायला मी. हळद असो, बारसं असो, सत्यनारायण असो, कोन गावापासून तळोज्यापर्यंत आमची मंडळी ठरलेली.

घरची सून चारचौघांत गाते यावर त्या काळात कुणी नाक मुरडलं असतं, पण मला कुणी नावं ठेवत नसे, कारण माझी आई धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात धवले गाणाऱ्या बाईवाचून हळद लागत नाही. ती गाते आणि विधी पुढं सरकतो. तिच्याबरोबर ना पेटी, ना तंबोरा. आईनं सकाळी सूर लावला की तो दुपारी ऊन कलल्यावरही तिथंच असायचा. बरोबरच्या बायका दमून खाली यायच्या, आई त्यांना पुन्हा वर ओढून न्यायची. मी तिच्या मांडीवर ते ऐकत वाढले. आई गेल्यावर आमच्या बाजूच्या गावांत धवल्यांना मला बोलवायला लागले होते. माझ्याकडं दुसरं काही मिरवण्यासारखं नव्हतं. रंग काळा, शिक्षण सातवी, आणि जीभ तिखट. गळा तेवढा आईचा होता.

तर गिटार. ह्यांनी मुंबईत एका कार्यक्रमात विजेची गिटार ऐकली आणि माणूस घरी परत आला तो अर्धाच. जेवताना बोटं ताटाच्या कडेवर वाजायची. शेवटी माहीमच्या एका म्हाताऱ्या वादकाकडून त्यांनी जुनी गिटार मिळवली. तो म्हातारा गोव्याला गावी निघाला होता, बोट पकडायच्या घाईत होता. खोकं हातात दिलं आणि गेला. दाखवणं नाही, शिकवणं नाही. मोडक्या रेडिओचे भाग जोडून ह्यांनी आवाज मोठा करायचा डबा स्वतः बनवला. पहिल्यांदा तार छेडली तेव्हा शेजारची म्हैस दावं तोडून पळाली, हे खोटं नाही.

भाऊजींना तर स्वर्गच मिळाला. "आता आपली मंडळी म्हणजे मुंबईची मंडळी," म्हणाले. बेंजो भिंतीला टांगला गेला. पेटी माळ्यावर गेली, कारण विजेच्या गिटारसमोर पेटी म्हणजे भाऊजींना भजनी वाटायला लागली. ते स्वतः पुढं उभे राहून हात हलवायला लागले. एकूण काय, मंडळीत सूर दाखवणारं वाद्य एकच उरलं.

आणि मी बेसूर झाले.

पहिल्या कार्यक्रमात मलाच काहीतरी खटकलं. गिटारची मोकळी, बोट न दाबलेली तार वाजली, मी तिच्यावरून सा घेतला, छान जमला. मग गाणं सुरू झालं आणि रस्त्यात खड्डा लागावा तसं झालं. मी रे म्हणते तर गिटार माझ्या वर. मी गंधार लावते तर गिटार तिथंही वर. मी वर सरकावं तर पुढच्या ओळीला मोकळी तार येई आणि माझा सा चढलेला निघे. घामानं चोळी भिजली. उतरल्यावर भाऊजी म्हणाले, "धाकटीचा सूर पडला आज."

मी म्हटलं, "भाऊजी, माझा नाय पडला. गिटार चढते."

"नाचता येईना, अंगण वाकडं," भाऊजी म्हणाले. ढोलकीवाले हसले.

त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमाला हेच. लोकांनाही कळायला लागलं. बायका डोळे बारीक करून माझ्याकडं बघायच्या. कोनला एक लग्न होतं, तिथल्या लोकांनी धवल्यांना दुसऱ्याच बाईला बोलावलं. आईनं ज्या घराला हळद लावली, त्या घरानं. मी त्या दिवशी मासळी साफ करता करता रडले आणि बोट कापून घेतलं.

घरात मी ह्यांच्याशी भांडायची. भांडायची म्हणजे मी बोलायची आणि हे गिटार पुसायचे.

"अहो, तुमच्या त्या लाकडाला सांगा जरा. वर वाजतं ते."

"अगं, पडदे धातूचे हाय. दांडीत ठोकलेले. ते काय हलतात? बोट ठेवलं की सूर ठरलेला. माणसाचा गळा हलतो, धातू नाय हलत."

हे वायरमन, यंत्रातलं कळणारा माणूस. त्यांनी दोषही शोधला, पण शोधला तो विजेत. व्होल्टेज पडतं म्हणून आवाज असा येतो, म्हणाले. वायरी बदलल्या, डबा उघडून परत जोडला. गिटार तशीच. त्यांच्या बोटांची टोकं तारा दाबून दाबून चिरली होती, रक्त यायचं, त्यावर ते हळद लावायचे. त्यांना वाटे हीच साधना. बेंजोच्या तारा वर असतात, बटण दाबलं की खाली बसतात, त्यामुळं तारा उंच असणं हे त्यांच्या दृष्टीनं रीतसरच होतं. मला त्या बोटांची दया यायची आणि त्याच बोटांचा रागही यायचा.

सगळ्यात वाईट गोष्ट सांगते. मला स्वतःचा संशय यायला लागला. घरात कुणी नसताना मी एखादा धवला म्हणून बघायची आणि मध्येच थांबायची. हा सूर आईचा आहे, की मला तसा वाटतो? रोज तुम्हाला चारजण सांगायला लागले की भिंत तिरकी आहे, तर तुम्हीसुद्धा मान वाकडी करून चालायला लागता. मी भाजीत मीठ टाकतानाही दोनदा चाखायला लागले. मला भीती वाटत होती, आणि ती कुणाला सांगायचीही चोरी होती.

मग गिरणीचा सत्यनारायण आला. नवा भात यायच्या आधी गिरणीत दरवर्षी पूजा व्हायची, संध्याकाळी आमचा कार्यक्रम. ह्यांची गिरणी, मालक, कामगार, गाडीवान, सगळं ओळखीचं पनवेल तिथं. पूजेच्या सकाळी भाऊजी चहा पीत बसले आणि सहज सांगावं तसं म्हणाले, "आज नुसती वाद्यं. धाकटी नाय गाणार. पुढच्या महिन्यापासून मुंबईची एक बाई येईल गायला."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे बशीत बघत होते.

भाऊजी गिरणीत मांडव बघायला गेले आणि मी शिडी लावली. माळ्यावरची पेटी उतरवली. तिच्यावर उंदरांच्या लेंड्या होत्या. पदरानं पुसली, ह्यांच्या समोर आणून ठेवली.

"गिटार घ्या," मी म्हटलं.

"आता? मला गिरणीत वायरी ओढायच्या हाय."

"गिटार घ्या. माझा गळा हलतो ना? बरं. मी तोंड उघडत नाय. ही पेटी आणि ती गिटार. धातू आणि धातू. दोघं बोलू देत."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मुकाट्यानं गिटार घेतली. मी भाता हलवला, पेटीचा एक सूर धरला. ह्यांनी मोकळी तार त्याला लावली. दोन्ही एक झाले, फट राहिली नाही.

"आता पहिल्या पडद्यावर दाबा," मी म्हटलं आणि पेटीवर पुढची पट्टी दाबली.

आवाज असा आला की दात आंबले. गिटार वर, चांगलीच वर. ह्यांनी बोट उचललं, परत ठेवलं. तोच प्रकार. दुसरा पडदा, तिथंही वर, पण जरा कमी. तिसरा. चौथा. जसजसं बोट खाली, गिटारच्या पोटाकडं यायला लागलं, तसतशी फट लहान व्हायला लागली. पार मधल्या पडद्यावर तर जवळजवळ जमलंच. मी गायची ती गाणी सगळी ह्याच वरच्या, खुंट्यांकडच्या पडद्यांवर वाजायची.

ह्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"अहो," मी म्हटलं, "खोट त्या टोकाला हाय. खुंट्यांकडं."

आम्ही दोघांनी गिटार खिडकीत उजेडाला धरली. दांडी जिथं संपते, तिथं खुंट्यांच्या अलीकडं एक आडवी लोखंडी पट्टी होती आणि तिच्या खाचांतून तारा जात होत्या. वादक त्या जागेला नट म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. मी त्याला उंबरा म्हणाले, कारण दिसायला तो तसाच होता. आणि तो उंबरा फार उंच होता. तिथून तारा दांडीच्या इतक्या वर निघायच्या की पहिल्या पडद्यावर तार टेकवायची म्हणजे तिला चांगलंच खाली ओढावं लागे. ओढली की ताणली. ताणली की चढली. हे वायरी ताणणारा माणूस, त्यांना पुढचं मला सांगावं लागलं नाही.

ते खाली वाकले, डोळा लावला आणि म्हणाले, "अगं, ह्या पट्टीखाली अजून कायतरी हाय."

लोखंडाच्या खाली पिवळट, हाडासारखी दुसरी एक पट्टी दिसत होती. लोखंडी पट्टी वर नुसती टोपीसारखी बसवलेली होती, तारांच्या ताणानं धरलेली.

"काढा," मी म्हटलं.

"आणि तार तुटली तर? पनवेलीत ह्या तारा कुठं मिळतात? संध्याकाळी सगळी गिरणी बसणार हाय समोर. दादाला काय सांगू?"

"सांगा की बायकोनं मोडली. नायतरी माझ्याच नावावर हाय सगळं."

मला रागानं बोलायचं होतं, पण रडूच आलं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मग हळूहळू, एकेक खुंटी धरून, तारा सैल करायला लागले. पट्टी निघाली. माझ्या तळहातावर ठेवली त्यांनी. चांगली जड होती, गुळगुळीत, तशीच चकचकीत. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि वेलदोड्याची कांडी आणली. दोन्ही शेजारी ठेवल्या. एकाच घरच्या.

हे कपाळाला हात लावून बसले. मुंबईत त्यांनी ऐकलं होतं, काही लोक गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि बोटानं तार न दाबता वरून कांडी फिरवतात. तो गोवेकर म्हातारा तसा वाजवणारा असणार. त्याला तारा उंचच हव्यात. पडदे त्याला नुसते खुणेपुरते. आम्ही कांडीनं वेलदोडे कुटले आणि कांडीच्या गिटारवर बोटं रक्ताळली.

तारा पुन्हा चढवताना आणखी खोड निघाली. हाडाच्या त्या जुन्या खाचांत वर्षांचा मळ होता. खुंटी पिळली तरी तार हलेना, आणि एकदम टक् करून पुढं उडी मारी. सूर लागला म्हणावं तर लगेच सुटे. मी सुईनं खाचा साफ केल्या. कपाटाचा खण अडकला की आम्ही त्याला शिसपेन्सिल घासतो, तशी ह्यांनी खाचांत पेन्सिल घासली. मग तारा गुमान सरकायला लागल्या. पेटीचा सूर, गिटारचा सूर. पहिला पडदा, एक. दुसरा, एक. ह्यांनी बोट न दुखता तार दाबली आणि बोटाकडंच बघत राहिले.

"तुझं बरोबर होतं," ते म्हणाले.

घरात म्हणाले. दोन माणसांत.

गिरणीत मी पेटी डोक्यावर घेऊन गेले. भाऊजींनी पेटी बघितली आणि मला बघितलं. ते काही बोलायच्या आत हे म्हणाले, "दादा, ती गाईल. नायतर मी नाय वाजवणार." हे जन्मात भाऊजींपुढं असं बोलले नव्हते. मालक पुढंच बसलेले, भाऊजींना तमाशा नको होता. "गाऊ दे," म्हणाले, "शेवटचं गाणं समज."

मी गायले. पहिली ओळ गेली आणि मी खड्ड्याची वाट बघत होते, पण खड्डा आला नाही. रे माझा, गिटारचा, एकच. गंधार एकच. तिसऱ्या गाण्याला मी घाबरायचं विसरले. पोत्यांवर बसलेल्या बायका पुढं सरकल्या. संपल्यावर टाळ्या पडल्या आणि भाऊजी हसत लोकांना म्हणाले, "बघा, धाकटीनं मेहनत घेतली. सुधारला गळा."

सुधारला. माझ्या टाळूपर्यंत आग गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात हे उभे राहिले.

"गळा नाय सुधारला, दादा. गिटार सुधारली. तिचा सूर पहिल्यापासून बरोबर होता. मीच बेसूर वाजवत होतो."

हशा पिकला. कुणीतरी मागून म्हणालं, "वायरमन बायकोला सांभाळून घेतोय रे." ढोलकीवाल्यांनी वरून थाप मारली. भाऊजीही हसले. मला वाटलं, संपलं. खरं सांगूनही खरं होत नाही, तर आता कुठं जायचं?

ह्यांचं तोंड लाल झालं होतं. ते खाली बसले. मध्ये शिरा वाटायला सुरुवात झाली होती. तेवढ्या वेळात त्यांनी तारा सैल केल्या, खिशातून ती लोखंडी पट्टी काढली आणि परत जागेवर बसवली. मी त्यांचा हात धरला. "अहो, नको." त्यांनी हात सोडवून घेतला. तारा चढवल्या, मोकळी तार पेटीला लावून घेतली.

"दादा, तू पेटीवर बस. सरळ सा, रे, ग वाजव. मी तेच वाजवतो."

भाऊजी बसले, काय करणार. त्यांनी सा धरला, गिटार त्याला मिळाली. त्यांनी रे धरला आणि ह्यांनी रे दाबला.

ह्यांनी डब्याचा आवाजही मोठा केला होता. गिरणीच्या पत्र्याखाली ते असं घुमलं की शिरा खाणाऱ्या माणसांचे हात थांबले. पुढचा सूर, तोही चढलेला. हे थांबले नाहीत. ज्या गाण्यावर त्यांना आजवर टाळ्या मिळाल्या, तेच गाणं त्यांनी पेटीबरोबर अख्खं वाजवलं, बेसूर, मालकासमोर, गिरणीसमोर, डोळे वर करून. बोटांतून परत रक्त आलं होतं. माझ्या नवऱ्याची पनवेलात एकच ऐट होती, ती त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवून ठेवली, आणि मी ते बघत बसले होते. मला त्यांना थांबवायचं होतं आणि मला ते पूर्ण ऐकायचंही होतं.

कुणी हसलं नाही. भाऊजींनी भाता थांबवला.

हे पट्टी काढून पुन्हा तारा लावायला लागले. भाऊजींनी सवयीनं सा द्यायला पेटीवर बोट ठेवलं. हे म्हणाले, "पेटी राहू दे, दादा. तिच्याकडून घेऊ."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पदर नीट केला, डोळे मिटले आणि हळदीच्या सकाळी आई लावायची तसा सा लावला. हे तार पिळत पिळत माझ्यापर्यंत आले आणि थांबले. तेवढ्यात माझ्या कानावर पेटीचा अगदी बारीक आवाज आला. भाऊजींनी हळूच पट्टी दाबून बघितली होती. तोही तिथंच होता. मी डोळे उघडले नाहीत.